‘कॅन्सरची गोळी’ माझ्या मुलाला का?

पत्र

ताई, आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला सिकल सेलचा आजार आहे, एसएस पॅटर्न. वर्षातून चार-पाच वेळा हातपाय आणि पाठ दुखून त्याला भरती करावं लागतं. चार महिन्यांपूर्वी जिल्ह्याच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल सुरू केल्या. मागच्या महिन्यात तिथला साठा संपला होता म्हणून बाहेरच्या दुकानातून घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, “ही तर कॅन्सरची गोळी आहे, एवढ्या लेकराला कशाला देता?” तेव्हापासून मी ती बंद केली आहे. माझ्या भावानं रक्तवाढीचं लोहाचं टॉनिक आणून दिलं, तेच देते. रात्री तो अंथरूण ओलं करतो, म्हणून संध्याकाळनंतर पाणी देत नाही. मोबाईलवर पाहिलं की अमेरिकेत एका उपचारानं सिकल कायमचा बरा होतो. घरचे म्हणतात, दोन एकर विकू. सासूबाई म्हणतात, “हा आजार तुझ्या माहेरचा आहे.” काय करू?
— एक आई

उत्तर

ताई, सर्वांत आधी तीन कामं, कारण ती आजच करायची आहेत. मुलाला संध्याकाळी आणि रात्रीसुद्धा पाणी द्या. लोहाचं टॉनिक थांबवा. आणि या आठवड्यात त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा, ‘मी महिनाभर कॅप्सूल बंद ठेवली’ हे सरळ सांगा आणि रक्त तपासून ती पुन्हा सुरू करून घ्या. ते रागावले तरी सांगा. किती दिवस औषध नव्हतं हे त्यांना कळलं नाही, तर पुढचा डोस ते चुकीच्या अंदाजावर ठरवतील.

आता ‘का’ ते सांगते, जरा सविस्तर. मी बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवलं आहे. माझा अनुभव असा, की औषध शरीरात नेमकं कुठं काम करतं हे ज्या आईला कळतं, ती दुकानदाराच्या एका वाक्यानं ते बंद करत नाही. तुमची चूक एवढीच, की हे तुम्हाला कुणी बसून समजावलं नाही. म्हणजे ती तुमची चूक नाहीच.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. त्याच्या एका साखळीत 146 मणी असतात असं समजा. तुमच्या मुलाच्या साखळीत सहावा मणी बदललेला आहे. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं आहे. 146 पैकी एक! केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी 1956-57 मध्ये हा एक मणी शोधून काढला. त्याआधी 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की सिकलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, विजेच्या प्रवाहात ते वेगळ्या गतीनं सरकतं. तुमच्या मुलाची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी झाली असेल, तिचं मूळ तिथं आहे. ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे सिकलचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं, हा शब्द तुमच्या गावापर्यंत आला तो त्या शोधातून.

एक मणी बदलल्यानं एवढं काय होतं? हा नवा मणी चिकट आहे. हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला की तो चिकट भाग शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत जाऊन बसतो, ते पुढच्याच्या, ते त्याच्याही पुढच्याच्या. अशा माळा तयार होतात आणि चौदा माळा एकमेकींभोवती वळून दोर होतो. अंबाडीचा दोर वळताना पाहिला असेल, तसा. हे कडक दोर पेशीला आतून ताणतात, गोल मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. केसाहून बारीक नळ्यांमधून ती वळत नाही, अडकते. तिच्यामागं दुसऱ्या अडकतात, पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही, आणि तुमचं लेकरू रात्री दोनला पाय धरून ओरडतं. ती दुखणी खरी असतात, ताई. शाळेत कुणी ‘नाटकं करतो’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

यातली पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोर लगेच वळत नाही. प्राणवायू सुटल्यावर थोडा वेळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम सगळं गोठतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी 1970 च्या दशकात हा थांबण्याचा वेळ मोजला. साखरेचा पाक आठवा: पातळ पाक कितीही वेळ ठेवला तरी तसाच राहतो, पण थोडा जास्त आटला की बघता बघता साखर बसते. पेशीतलं हिमोग्लोबिन जरासं दाट झालं, तरी दोर वळायला लागणारा वेळ कितीतरी पटींनी घटतो. बारीक नळीतून पेशी साधारण सेकंदाभरात पार होते. दोर त्यापेक्षा उशिरा वळणार असेल, तर पेशी सुखरूप निसटते, फुप्फुसात पोचते, प्राणवायू घेते आणि पुन्हा मोकळी होते. सगळी लढाई त्या एका सेकंदाची आहे.

म्हणून पाणी. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीही आटते, आतला पाक घट्ट होतो. उन्हाळ्यात, तापात, जुलाबात क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा तीव्र झटका, येतो त्याचं एक मोठं कारण हे. थंडीनं नळ्या आकसतात, पेशीला पार व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून पौषात त्याला स्वेटर आणि दुखऱ्या जागी कोमट शेक द्यायचा. बर्फ कधीच नाही. आणि अंथरूण ओलं होण्याचं कारणही हाच आजार आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच कमी असतो, तिथं पेशी लवकर वाकड्या होतात आणि लघवी दाट करून पाणी वाचवण्याची मूत्रपिंडाची ताकद लहानपणीच कमी होते. म्हणून त्याला पातळ आणि भरपूर लघवी होते, झोपेतही. पाणी बंद केलं तरी ती होतच राहते, फक्त आत भर पडत नाही, आणि पहाटेपर्यंत पेशी आटतात. त्याला रात्री एकदा उठवा, गादीवर मेणकापड घाला, पण तांब्या उशाशी असू द्या. आणि त्याला रागवू नका, ते त्याच्या हातात नाही.

आता कॅप्सूल.

1948 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जेनेट वॉटसन या डॉक्टर बाईंनी एक साधी गोष्ट टिपली: ज्यांना पुढं सिकल होणार आहे, अशा नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फारशा नसतात. का? कारण पोटातलं बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. त्याला ‘एफ’ म्हणतात. तुमच्या मुलाच्या जुन्या रिपोर्टवर ‘हिमोग्लोबिन एफ’ असा रकाना असेल, तो बघा. या एफमध्ये तो बिघडलेला मणी असलेली साखळीच नसते, तिच्या जागी दुसरी साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर एफ बनवणं जवळजवळ बंद करतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू करतं. बहुतेक बाळांना सहा महिन्यांपर्यंत काही त्रास का होत नाही आणि मग हातापायांना सूज का येते, त्याचं उत्तर इथं आहे. पुढं सौदी अरेबियाच्या पूर्व भागात असे रुग्ण सापडले, ज्यांच्यात मोठेपणीही एफ भरपूर होतं आणि आजार सौम्य होता. आपल्या मध्य भारतातल्या अनेक रुग्णांत जनुकाची तीच ठेवण आढळते. पण म्हणून आपल्याकडचा सिकल सौम्यच असतो असं कुणी म्हणालं तर मानू नका. वर्षातून चार-पाच भरत्या हा सौम्य आजार नव्हे.

एफ त्या दोरात विणलं जात नाही. दोर वळताना मधेच असा पदर आला जो पिळात बसतच नाही, तर दोर धरत नाही. तेव्हा प्रश्न उरला एवढाच: बंद पडलेलं एफ पुन्हा सुरू कसं करायचं? संशोधक जाणूनबुजून त्याच्या मागं लागले आणि 1980 च्या दशकात लक्षात आलं की हायड्रॉक्सीयुरियानं एफ वाढतं. हे औषध काही काल-परवाचं नाही. ते जर्मनीत 1869 मध्ये पहिल्यांदा बनवलं गेलं, आणि पुढं रक्ताच्या काही कॅन्सरांत वापरात आलं. दुकानदाराला त्याची ओळख तिथूनच आहे. त्यानं खोटं सांगितलं नाही, अर्धंच सांगितलं.

पेशी दुप्पट होण्यापूर्वी त्यांना जनुकांचा कच्चा माल लागतो. तो बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) हे औषध अडवतं. कॅन्सरमध्ये त्यामुळं बेसुमार वाढणाऱ्या पेशी थांबतात. तुमच्या मुलाच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आत रक्त बनतं त्या गाभ्यात, त्याच अडवणुकीचा उपयोग वेगळा होतो: तांबड्या पेशींची निर्मिती थोडी अडखळते, आणि त्या गडबडीत एफ बनवणाऱ्या पेशी पुढं येतात. ही मधली कडी नेमकी कशी फिरते, त्यावर शास्त्रज्ञांचं काम अजून चालू आहे. पण परिणाम मोजता येतो. एफ वाढतं. पेशी आकारानं मोठ्या आणि आतून पातळ होतात, म्हणजे पाक सैल. पांढऱ्या पेशी थोड्या कमी होतात, आणि नळीच्या भिंतीला चिकटून वाट अडवणाऱ्यांत त्याही असतात. एका कॅप्सूलचा असा तीन ठिकाणी फायदा.

अमेरिकेत 299 प्रौढ रुग्णांवर याची चाचणी झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. 1995 मध्ये निष्कर्ष छापून आले: रिकामी कॅप्सूल घेणाऱ्यांत वर्षाला साधारण साडेचार तीव्र क्रायसिस आले, औषध घेणाऱ्यांत अडीच. त्याच रुग्णांवर पुढं सतरा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं गेलं. औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले, आणि ज्याची तुम्हाला धास्ती आहे तो कॅन्सर वाढल्याचं त्यात दिसलं नाही. लहान मुलांवर, अगदी वर्षाच्या आतबाहेरच्या बाळांवरही ते तपासलं गेलं आहे. आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी तर आपल्याच मुलांवर, किलोमागं 10 मिलिग्रॅम इतक्या कमी ठरावीक डोसमध्ये, त्याचा गुण दाखवून दिला. ते संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. विदर्भातल्या आईनं हे जरूर लक्षात ठेवावं.

भीती कुठं बाळगायची तेही सांगते, कारण औषध निरुपद्रवी नाही. ज्या अडवणुकीतून फायदा होतो, तीच जास्त झाली तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली जातात. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी, ठरलेल्या तारखेला झालीच पाहिजे: सुरुवातीला लवकर लवकर, नंतर डॉक्टर सांगतील त्या अंतरानं. आकडे घसरले तर डॉक्टर काही दिवस थांबवून कमी डोसवर परत सुरू करतात. ते थांबवणं त्यांचं काम. कॅप्सूल घरी फोडून पूड करू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. हाताळल्यावर हात धुवा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं ती हाताळूच नये. आणि गुण यायला महिने लागतात, ताई. चार महिन्यांत एक भरती झाली म्हणून ‘लागू पडत नाही’ असं नसतं.

लोहाच्या टॉनिकचं बघा. भावानं प्रेमानं आणलं, मला कळतं. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणजे लोह कमी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण तुमच्या मुलाचं रक्त कमी आहे ते पेशी लवकर फुटतात म्हणून. चांगली तांबडी पेशी 120 दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवस. फुटलेल्या पेशीतलं लोह शरीरातच राहतं. त्यात त्याला कधी रक्त चढवलं असेल तर प्रत्येक पिशवीबरोबर आणखी लोह आलं, आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते यकृतात आणि हृदयात साचत जातं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासून खरंच कमी निघालं तरच लोह द्यायचं. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र सुरू ठेवा. रोज एवढ्या नव्या पेशी घडवायच्या तर ती लागते. बीट, पालक, गूळ जेवणात खाऊ दे, पण त्यानं आजार हलत नाही.

हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजेच आजार नव्हे, हे किती खरं आहे त्याची एक ताजी गोष्ट आहे. व्हॉक्सेलोटर नावाचं औषध याच दोराच्या ज्ञानातून बनवलं गेलं. विचार सुंदर होता: प्राणवायू सोडल्यावरच दोर वळतो ना, मग हिमोग्लोबिनला प्राणवायू घट्ट धरून ठेवायला लावू. चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्णांचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून जास्त वाढलं आणि 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण दुखण्याचे झटके त्या मानानं कमी झाले नव्हते. पुढच्या अभ्यासांत औषध घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू यांचे आकडे काळजी वाटावी असे आले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागं घेतलं. मला ही बातमी वाचून फार वाईट वाटलं, कारण तर्क मी स्वतः विद्यार्थ्यांना कौतुकानं सांगितला असता. आजाराची यंत्रणा कळली की औषध कुठं मारायचं ते कळतं. मारल्यावर रुग्णाचं दुखणं खरंच कमी झालं का, हे माणसांवर मोजल्याशिवाय कळत नाही. नऊ ग्रॅम असलेलं, खेळणारं मूल हे दहा ग्रॅम असलेल्या, वॉर्डात पडलेल्या मुलापेक्षा बरं. तुम्ही वहीत भरत्यांची आणि दुखण्याच्या दिवसांची नोंद ठेवा. डॉक्टरांना ती कोणत्याही टॉनिकच्या जाहिरातीपेक्षा उपयोगी पडेल.

आता अमेरिकेतला उपचार. तो खरा आहे, आणि तोही एफच्याच वाटेवरचा आहे. जन्मानंतर एफ बंद करणारं एक ‘बटण’ आपल्या जनुकांत असतं, बीसीएल11ए नावाचं. 2008 च्या सुमारास त्याचं काम उलगडलं. रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी काढून, प्रयोगशाळेत जनुकाला नेमकी कात्री लावून तांबड्या पेशींमध्ये ते बटण निकामी करतात आणि पेशी परत देतात. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती 12 वर्षं आणि त्यावरील रुग्णांसाठी. पण पेशी परत देण्याआधी जोरदार केमोथेरपीनं जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, पुढं मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. आणि तिथली जाहीर किंमत 22 लाख डॉलर आहे. दोन एकर कशाला, अख्खं शिवार विकून ती भरणार नाही. जमीन विकू नका. कुणी एजंट ‘पन्नास हजार भरा, नाव नोंदवतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आपल्या देशातही शास्त्रज्ञ याच कात्रीवर काम करत आहेत. तोवर हाडं, प्लीहा, मेंदू सांभाळून त्याला मोठं करायचं, आणि ते काम ही स्वस्त कॅप्सूल करते. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना जरूर विचारा: त्याला सख्खं भावंड असेल तर अस्थिमज्जा जुळते का ते बघता येईल का? जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा हा बरं करणारा उपचार आहे, आणि भावंड एएस, म्हणजे सिकलचं एकच जनुक असलेलं, असलं तरी देऊ शकतं. त्यालाही केमोथेरपी लागते आणि धोके आहेत, पण त्याची निदान चौकशी तरी करता येते.

सासूबाईंना सांगायचं ते त्यांच्या मुलाच्या देखत सांगा. एसएस व्हायला एक एस आईकडून आणि एक एस बापाकडून यावाच लागतो. एकट्या माहेरचा एसएस होतच नाही. तुम्ही दोघं एएस असाल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची. म्हणून दिवस राहिलेच तर पहिल्या तीन महिन्यांतच दवाखान्यात सांगा, पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. आणि तुमच्या दिरांची, भावाची लग्नाआधी तपासणी करून घ्या. आशाताईंना विचारा, ती मोफत होते.

काही खुणा पाठ करा. ताप 101 च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं: या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा न्यूमोनियाही काही तासांत जिवावर बेतू शकतो. न्यूमोकॉकसची लस झाली आहे का ते कार्डावर बघा. छातीत दुखून धाप लागणं, पोट डावीकडं फुगून चेहरा पांढराफटक पडणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात गळणं, तेव्हाही तसंच. आणि मुलगा आहे म्हणून एक गोष्ट त्याच्या बाबांना सांगायला लावा: लिंग ताठ राहून दुखत असेल तर लाजून लपवायचं नाही, तोही याच अडकलेल्या पेशींचा प्रकार आहे आणि त्याला तातडीनं उपचार लागतो.

सीबीसीच्या कागदावर ‘एमसीव्ही’ अशी एक ओळ असते, तांबड्या पेशीचा आकार. औषध सुरू होण्यापूर्वीचा जुना कागद काढून तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कॅप्सूल नियमित पोटात जात असेल तर काही महिन्यांत तो वर चढायला लागतो. शेजारी आणखी एक रकाना आखा, भरतीच्या दिवसांचा. तीन महिन्यांनी दोन्ही आकडे मला लिहून पाठवा.